कॉलेज बदलताना सॅट, टोफेल, एपीचे स्कोअर: कोणाला, कधी, कसे पाठवायचे

प्रश्न: माझी मुलगी ऑगस्ट २०२५पासून ओहायोतल्या एका लहान खासगी कॉलेजात कॉम्प्युटर सायन्स शिकते आहे. पहिल्या सत्रात १६ क्रेडिट (पूर्ण केलेल्या विषयांचं माप) झाले, जीपीए, म्हणजे ग्रेडची सरासरी, ३.८. विषयांची निवड फारच कमी असल्यामुळे तिला ऑगस्ट २०२६मध्ये दुसरीकडे जायचं आहे. यादीत फ्लोरिडातली एक सरकारी युनिव्हर्सिटी, टेक्सासमधली एक (माझा भाऊ डॅलसला असतो), युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया, बोस्टनजवळचं एक खासगी कॉलेज आणि ‘बघू तर खरं’ म्हणून एमआयटी आहे. तिचा सॅट (अमेरिकेतल्या कॉलेजप्रवेशाची परीक्षा) ऑक्टोबर २०२४चा, १३४० (गणित ७२०, इंग्रजी ६२०). टोफेल (इंग्रजीची परीक्षा) ऑगस्ट २०२४चा, ९८. शाळेत असताना दिलेल्या एपी या कॉलेज पातळीच्या परीक्षांपैकी कॅल्क्युलस बीसीमध्ये ५ आणि कॉम्प्युटर सायन्स ए-मध्ये ४. ती म्हणते, ट्रान्स्फरला (म्हणजे मधूनच कॉलेज बदलायला) सॅट लागत नाही, कारण आमच्या सोसायटीतला मुलगा कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजातून (दोन वर्षांच्या स्थानिक कॉलेजातून) युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या डेव्हिस कॅम्पसला गेला तेव्हा त्याने काहीच दिलं नव्हतं. सॅट द्यायचा की नाही? पुन्हा परीक्षा द्यावी का? आणि हे सगळे स्कोअर आत्ताच्या कॉलेजाकडे आहेतच, ते पुढे पाठवतील ना?
(एक आई, ठाणे)

उत्तर:

ताई, आधी तुमचा शेवटचा प्रश्न घेऊ, कारण सगळ्यात जास्त घोटाळे तिथेच होतात. नाही, ओहायोचं कॉलेज यातलं काहीही पुढे पाठवणार नाही. ते पाठवतं फक्त स्वतःची ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे त्यांच्याकडे घेतलेले विषय आणि मिळालेले ग्रेड. सॅट आणि एपी हे त्या परीक्षा घेणाऱ्या कॉलेज बोर्डाचे कागद, टोफेल हा ती परीक्षा घेणाऱ्या ईटीएसचा. दुसऱ्या संस्थेचा कागद पुढे ढकलायची पद्धत तिकडे नाही, आणि पाठवला तरी नवं कॉलेज तो अधिकृत धरत नाही. तेव्हा जिथे जो स्कोअर अधिकृत लागेल तिथे तो मूळ संस्थेकडून, नव्याने पैसे भरून पाठवायचा. सॅट दिल्यावर नऊ दिवसांच्या आत चार कॉलेजांना फुकट पाठवता येतो, पण ती मुदत कधीच गेली. आता सॅटच्या रिपोर्टला कॉलेजामागे साधारण १५ डॉलर धरा.

आता सॅटचं. तुमच्या लेकीचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. सोसायटीतला मुलगा कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं काढून, ६० क्रेडिट घेऊन गेला. शिवाय तो गेला युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियात. या युनिव्हर्सिटीने २०२० साली सॅट आणि एसीटी (सॅटसारखीच दुसरी प्रवेशपरीक्षा) बाद करायचं ठरवलं, आणि आता प्रवेश देताना तिथे हा स्कोअर बघतच नाहीत. बारावीनंतर जाणाऱ्याचाही नाही, ट्रान्स्फरचाही नाही. त्याच्याकडे १५५० असता तरी काही उपयोग नव्हता. त्याचा नियम तुमच्या लेकीला लावून चालणार नाही. तिची गोष्ट वेगळी आहे ती क्रेडिटमुळे.

बहुतेक युनिव्हर्सिट्या ट्रान्स्फरवाल्यांचे दोन गट करतात. ठरावीक क्रेडिट पूर्ण झालेले एका बाजूला. त्यांचे कॉलेजचे ग्रेड बघतात, शाळेचं फारसं विचारत नाहीत. त्याहून कमी असलेले दुसऱ्या बाजूला. त्यांच्याकडून बारावीनंतरच्या विद्यार्थ्यासारखेच कागद मागतात, म्हणजे नववी ते बारावीच्या गुणपत्रिका आणि जिथे लागतो तिथे सॅट किंवा एसीटी. ही रेघ अनेक ठिकाणी २४ किंवा ३० क्रेडिटवर असते. इथे एक बारीक मेख आहे. क्रेडिट मोजायचे कोणत्या दिवशी? काही ठिकाणी अर्जाच्या दिवशी हातात असलेले, काही ठिकाणी मे अखेरीस होणारे. तुमच्या लेकीने फेब्रुवारीत अर्ज भरला, तर त्या दिवशी तिच्याकडे १६ आहेत. मेअखेर ३२ होतील. म्हणजे तीच मुलगी एका युनिव्हर्सिटीत ‘सॅट नको’ गटात आणि दुसरीत ‘सॅट हवा’ गटात. वेबसाइटवर नुसतं ‘ट्रान्स्फरसाठी सॅट लागतो का’ शोधू नका. ‘पूर्ण झालेले क्रेडिट’ असे शब्द आहेत की ‘नाव नोंदवलेले धरून’ असे, ते वाचा. स्पष्ट नसेल तर लेकीला ट्रान्स्फर ऑफिसला एक ओळीचा ईमेल करायला सांगा: आज १६ पूर्ण, मेमध्ये ३२, मला सॅट द्यावा लागेल का? उत्तर लेखी येतं, ते जपून ठेवायचं.

तिच्या यादीपुरतं बोलायचं तर फ्लोरिडात पळवाट नाही. तिथल्या सरकारी युनिव्हर्सिट्यांना राज्याचा नियमच आहे की ६०पेक्षा कमी क्रेडिट घेऊन येणाऱ्याने पहिल्या वर्षाच्या प्रवेशाच्या अटी पुऱ्या करायच्या, आणि त्यात परीक्षेचा स्कोअर येतो. सॅट, एसीटी किंवा सीएलटी ही तशीच तिसरी परीक्षा, यातलं काहीही चालतं. ३२ झाले तरी ६० नाहीत, म्हणजे सॅट पाठवावाच लागेल. १३४० लपवायचा की दाखवायचा, हा प्रश्न तिथे उरतच नाही.

एमआयटीने मार्च २०२२मध्ये सॅट-एसीटी पुन्हा सक्तीचा केला आणि तो ट्रान्स्फरवाल्यांनाही लागू आहे. तिथे ट्रान्स्फरने फार थोड्यांना घेतात. ‘बघू तर खरं’ म्हणून अर्ज करायला हरकत नाही, पण त्यासाठी फेब्रुवारीतले आठ दिवस घालवण्यापेक्षा बाकीचे अर्ज नीट करावेत, असं आम्हाला वाटतं.

युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया यंदाच्या यादीतून काढून टाका. सॅटमुळे नाही. तिथे ट्रान्स्फर मुख्यतः तिसऱ्या वर्षात घेतात, त्यासाठी ६० सेमिस्टर युनिट (म्हणजे क्रेडिट) आधी पूर्ण लागतात, आणि एपी धरूनही तिचे तेवढे होत नाहीत. बहुतेक कॅम्पसची अर्जाची मुदतही डिसेंबरच्या सुरुवातीला संपली. शिवाय ते प्राधान्य देतात कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांतून येणाऱ्यांना. ओहायोच्या खासगी कॉलेजातून येणारी मुलगी रांगेत मागे असते.

टेक्सासमध्ये गंमत वेगळीच आहे. प्रवेशाला सॅट मागितला नाही, तरी प्रवेश झाल्यावर तो कामी येऊ शकतो. सरकारी कॉलेजांत टीएसआय नावाची तपासणी असते: वाचन-लेखन आणि गणितात विद्यार्थी कॉलेजच्या पातळीला आहे का ते बघायची. सॅटमध्ये इंग्रजीत ४८० आणि गणितात ५३० असतील तर त्यातून सूट मिळते, आणि ही सूट परीक्षेच्या तारखेपासून पाच वर्षं चालते. तिचे ६२० आणि ७२० आहेत, प्रश्नच नाही. ओहायोत कॉलेज पातळीचं गणित आणि इंग्रजी पास झाल्यावरही ही सूट मिळू शकते, पण ती ट्रान्स्क्रिप्ट तपासून होईपर्यंत विषयांची नोंदणी अडकते. मामांच्या गावातल्या युनिव्हर्सिटीला १५ डॉलरचा रिपोर्ट पाठवून मोकळं व्हा.

राहिलं बोस्टनजवळचं खासगी कॉलेज. तिथे स्कोअर ऐच्छिक आहे असं धरून चालतो, आणि खरा विचार करायची जागा हीच एक आहे. गूगलवर कॉलेजचं नाव टाकून पुढे ‘कॉमन डेटा सेट’ लिहा. जवळजवळ प्रत्येक मोठं कॉलेज दरवर्षी हा तक्ता छापतं. त्यात सी-९ या रकान्यात प्रवेश घेतलेल्यांच्या सॅटचा पंचविसावा आणि पंचाहत्तरावा शततमक असतो, म्हणजे ज्यांच्या खाली अनुक्रमे पाव आणि पाऊण विद्यार्थी येतात ते दोन आकडे. डी-५मध्ये ट्रान्स्फरच्या विद्यार्थ्याकडून काय काय मागतात ते येतं: शाळेची गुणपत्रिका, कॉलेजची ट्रान्स्क्रिप्ट, निबंध, परीक्षेचा स्कोअर, प्रत्येकापुढे सर्वांना सक्तीचं, काहींना सक्तीचं की गरज नाही, अशी खूण. ‘काहींना सक्तीचं’ दिसलं की समजायचं, तीच क्रेडिटची रेघ इथेही आहे. डी-२मध्ये किती ट्रान्स्फर अर्ज आले आणि किती घेतले तेही दिसतं. हा आकडा बघून पुष्कळांचे पाय जमिनीवर येतात.

आमचा हिशेब असा: सी-९मधले दोन आकडे १२८० आणि १४३० असतील तर १३४० पाठवा. १४५० आणि १५४० असतील तर पाठवू नका, ३.८चा जीपीए आणि प्राध्यापकांची शिफारस जास्त बोलते. मधल्या परिस्थितीत तिच्या गणिताच्या ७२०कडे बघा. कॉम्प्युटर सायन्सला गणिताचा आकडा दिसावा असं वाटत असेल तर पाठवायला कारण आहे. आणि एकदा अर्जात ‘माझा स्कोअर विचारात घेऊ नका’ असं निवडलं की मागाहून रिपोर्ट पाठवून अनेक ठिकाणी उपयोग होत नाही. बटण दाबायच्या आधी ठरवा.

पुन्हा सॅट देऊ नये. १ मार्चची मुदत ट्रान्स्फरला अनेक ठिकाणी असते, आणि पुढचा सॅट मार्चच्या मध्याला, निकाल त्यानंतर दोनेक आठवड्यांनी. गाडी निघून गेल्यावर स्टेशनवर पोचण्यासारखं आहे. त्या तयारीचा वेळ दुसऱ्या सत्राच्या ग्रेडवर घालवला तर फळ मिळेल, कारण मध्य-सत्राचा अहवाल, म्हणजे चालू सत्रातले तोवरचे ग्रेड, पुष्कळ कॉलेजं मागतात.

आता टोफेलची घाई करा. टोफेलचा स्कोअर परीक्षेच्या तारखेपासून दोन वर्षं धरतात आणि त्यानंतर ईटीएस तो पाठवतच नाही. म्हणजे तिचा ऑगस्ट २०२६मध्ये संपतो, नेमकं नवं कॉलेज सुरू होतं तेव्हा. अर्जाच्या दिवशी वैध असला की बहुतेकांना पुरतं, पण पाठवायचा तो आत्ताच पाठवा, ‘प्रवेश झाला की बघू’ असं नको. जूनमध्ये कोणी अधिकृत प्रत मागितली आणि ऑगस्टपर्यंत राहून गेलं, तर नवी परीक्षा द्यायची वेळ येईल. आणि २१ जानेवारी २०२६पासून टोफेल नव्या रूपात, १ ते ६च्या मापावर होते आहे, म्हणजे जुन्या ९८ची तयारीही जशीच्या तशी कामाला येणार नाही. मात्र पैसे भरण्याआधी एक विचारून घ्या. अमेरिकेत इंग्रजी लेखनाचे पहिल्या वर्षाचे विषय चांगल्या ग्रेडने पूर्ण केले असतील, तर कित्येक कॉलेजं टोफेल माफ करतात. तिने पहिल्या सत्रात तो विषय घेतला असेल तर कदाचित एकाही ठिकाणी लागणार नाही.

एपीचं तुमच्या पत्रात सहज आलं आहे, पण खरं नुकसान इथे होतं, म्हणून यावर थोडं थांबतो. समजा ओहायोच्या कॉलेजाने कॅल्क्युलस बीसीच्या ५वर तिला कॅल्क्युलस एक आणि दोन माफ केले, आणि ती थेट कॅल्क्युलस तीनमध्ये बसली. ट्रान्स्क्रिप्टवर ते दोन विषय ‘ट्रान्स्फर क्रेडिट’ म्हणून दिसतील, ग्रेड नाही. नवं कॉलेज त्या दोन ओळी बहुधा मानत नाही. ते क्रेडिट ओहायोने त्यांच्या नियमाने दिलेलं. नव्या कॉलेजाचा तक्ता वेगळा असतो आणि ते मूळ एपी स्कोअरच बघतं. स्कोअर पाठवला नाही, तर तिच्या खात्यात कॅल्क्युलस तीन आहे आणि एक-दोन नाहीत, असं विचित्र चित्र तयार होतं. संगणकाच्या नोंदणीत ‘आवश्यक विषय नाही’ असा लाल शेरा येतो, पुढच्या विषयात नाव लागत नाही, आणि ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यात मुलगी सल्लागाराच्या दाराबाहेर उभी. कॉम्प्युटर सायन्स ए-चा ४ कुठे पहिल्या प्रोग्रॅमिंगला चालतो, कुठे फक्त मोकळं क्रेडिट देतो. तो तक्ता प्रत्येक कॉलेजाच्या रजिस्ट्रारच्या पानावर असतो. प्रवेश स्वीकारण्याआधी बघा, कारण इथे एका विषयाची फी वाचते किंवा बुडते. एपीचा रिपोर्ट सॅटच्या रिपोर्टबरोबर जात नाही, तो वेगळा मागवावा लागतो, आणि त्यात सगळे एपी स्कोअर एकत्र जातात. अर्जाबरोबर पाठवायची गरज नसते. जिथे प्रवेश घ्यायचा ठरेल त्या एकाच कॉलेजाला पाठवला तरी चालतं.

प्रत्यक्ष पाठवताना कुठे अडतं ते सांगतो. पहिली अडचण खात्याची. भारतात मुलं कॉलेज बोर्डचं खातं शाळेच्या ईमेलवर उघडतात, आणि बारावी झाली की शाळा तो ईमेल बंद करते. पासवर्ड विसरला की लिंक त्याच बंद पेटीत जाते. दुसरं म्हणजे सॅटसाठी एक आणि एपीच्या केंद्रासाठी दुसरं, अशी दोन खाती नकळत झालेली असतात. मग एकात सॅट दिसतो, एपी दिसतच नाही. लेकीने आज लॉगिन करून दोन्ही दिसतात का बघावं. नसतील तर कॉलेज बोर्डच्या ग्राहक सेवेला कळवून खाती जोडून घ्यावीत आणि ईमेल स्वतःचा टाकावा. याला वेळ लागतो, म्हणून फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात हे काम उकरू नका.

दुसरी अडचण आपल्या नावांची. आपल्या पासपोर्टमध्ये ‘दिलेलं नाव’ या रकान्यात मुलीचं आणि वडिलांचं नाव एकत्र येतं. टोफेलला ते दोन्ही शब्द पहिलं नाव म्हणून जातात. सॅटला पहिलं नाव आणि मधलं अक्षर. कॉमन ॲपवर (अनेक कॉलेजांना एकाच ठिकाणाहून अर्ज करायच्या वेबसाइटवर) तिने कदाचित मधलं नाव वेगळ्या रकान्यात टाकलं असेल. कॉलेजचा संगणक रिपोर्ट आणि अर्ज यांची जोडी नाव आणि जन्मतारखेवरून लावतो. नाव थोडं इकडेतिकडे झालं तर चालून जातं, पण त्यातच जन्मतारीख ०७/०४ ऐवजी ०४/०७ पडली असेल तर जोडी लागत नाही. अर्जाच्या पोर्टलवर ‘मिळाला नाही’ तसंच राहतं आणि रिपोर्ट कुठल्यातरी बिनमालकी पेटीत पडून असतो. अशा वेळी पुन्हा पैसे भरून दुसरा रिपोर्ट मागवू नका, तोही त्याच पेटीत जाईल. मागवल्याच्या तारखेपासून दहा दिवस रिपोर्टला आणि आठवडाभर जोडणीला द्या. तरी आला नाही तर प्रवेश कार्यालयाला ईमेल करा. त्यात पासपोर्टप्रमाणे पूर्ण नाव, जन्मतारीख महिना अक्षरात लिहून, अर्ज क्रमांक, परीक्षेची तारीख, रिपोर्ट मागवल्याची तारीख. एवढं असलं की ते शोधून जोडतात. १ मार्चच्या मुदतीसाठी मागणी १० फेब्रुवारीपर्यंत गेलेली बरी.

आणि कॉलेज निवडताना गावाचं नाव आणि राज्य वाचा. ‘मायामी युनिव्हर्सिटी’ ओहायोत आहे आणि ‘युनिव्हर्सिटी ऑफ मायामी’ फ्लोरिडात. ‘इंडियाना युनिव्हर्सिटी ऑफ पेनसिल्व्हेनिया’ पेनसिल्व्हेनियात आहे, इंडियानात नाही. चुकीच्या कॉलेजाला गेलेला रिपोर्ट तिकडून इकडे कोणी पाठवत नाही. सॅट आणि एसीटीचे कोड क्रमांक वेगवेगळे असतात, हेही लक्षात असू द्या.

कॉमन ॲपसारख्या अर्जात स्कोअर स्वतः भरायची सोय असते, आणि कित्येक कॉलेजं तेवढ्यावर निर्णय देतात. अधिकृत रिपोर्ट प्रवेश घेतल्यावर मागतात. अशी सोय असेल तिथे १५ डॉलर वाचवा. फक्त आकडा खात्यातून बघून भरा, आठवणीतून नको. भरलेला आणि अधिकृत आकडा जुळला नाही तर दिलेला प्रवेशही काढून घेतला जाऊ शकतो.

शेवटी एक तुमच्यासाठी. ठाण्याहून तुम्ही रजिस्ट्रारला फोन करून चौकशी केलीत तर ते काही सांगणार नाहीत. ती उद्धटपणाची गोष्ट नव्हे. फर्पा या १९७४च्या कायद्याने कॉलेजात गेलेल्या विद्यार्थ्याच्या नोंदींचा हक्क विद्यार्थ्याकडेच असतो, फी कोणीही भरत असो. ईमेल, फोन, मागणी, सगळं लेकीच्या नावाने आणि तिच्याच ईमेलवरून. तुम्ही करायचं काम मात्र एक आहे: तिच्या सीबीएसई किंवा ज्या बोर्डाची असेल त्या शाळेकडून नववी ते बारावीच्या गुणपत्रिका शाळेच्या शिक्क्यानिशी काढून ठेवा, कारण फ्लोरिडा त्या मागेल आणि शाळेत खेटे घालायला ती इथे नाही. आणि आत्ताच्या कॉलेजच्या परदेशी विद्यार्थी कार्यालयात तिची एफ-१ (विद्यार्थी व्हिसाची) नोंद नव्या कॉलेजकडे सोडण्याची तारीख ठरवायची असते. ती नव्या कॉलेजचं प्रवेशपत्र हातात आल्यावरच ठरवायची, आधी नाही.